मिश्रकव्यवहार आणि बीज : दख्खनच्या गणितातील गुंतवणुकीचे प्रश्न

एका रकमेचे दोन-तीन भाग करून ते निरनिराळ्या दरांनी आणि निरनिराळ्या मुदतींसाठी व्याजी लावले, तर अखेरीस हाती आलेल्या पैशावरून प्रत्येक भाग किती होता हे शोधून काढणे, हा भारतीय गणितातील एक जुना आणि मानाचा प्रश्न आहे. आज शाळेत त्याची मांडणी एकसामयिक रेषीय समीकरणांनी केली जाते. ज्या राशी ठाऊक नाहीत त्यांना एकेक अक्षर द्यायचे, प्रश्नात सांगितलेली प्रत्येक अट समीकरण म्हणून लिहायची, आणि ती सर्व समीकरणे एकाच वेळी खरी ठरतील अशा किमती शोधायच्या, अशी ही पद्धत आहे. अज्ञात राशींचे वर्ग, घन किंवा परस्परांशी गुणाकार त्यांत येत नसल्यामुळे या समीकरणांना रेषीय म्हणतात. भारतात, आणि त्यातही दख्खनमध्ये, या पद्धतीची वाढ सावकारी आणि भागीदारी यांच्या हिशेबाशी फार जवळून जोडलेली होती. चीनमधील 'नऊ प्रकरणांचे गणित' या प्राचीन ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात अशा समीकरणांचे कोष्टक मांडून एकेक अज्ञात काढून टाकण्याची उत्तम रीत आहे, परंतु तेथील पहिला प्रश्न धान्याच्या पेंढ्यांचा आहे. भारतीय ग्रंथकारांनी या कामी पुन्हा पुन्हा मुद्दल आणि व्याज घेतले, आणि त्यामागे तशीच कारणे होती.

कर्जाचा व्यवहार येथे फार पूर्वीपासून नियमांनी बांधलेला होता. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हा धर्म्य दर सांगितला आहे; व्यापारी कर्जासाठी तो पाच पण, अरण्यमार्गाने माल नेणाऱ्यांसाठी दहा पण आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस पण आहे. जोखीम वाढली की दर वाढावा, हा विचार या चार आकड्यांत स्पष्ट दिसतो. दर सहसा शंभरावर आणि महिन्याला सांगितला जाई, ही गोष्ट पुढील सर्व उदाहरणांत ध्यानात ठेवावी लागते. महाराष्ट्रातील खेड्यांत सावकार आजही 'दोन टक्के' म्हणतो तेव्हा त्याला दरमहा दर शेकडा दोन रुपये असेच म्हणायचे असते. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा दामदुपटीचा नियमही धर्मशास्त्रातलाच असून, जुन्या मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला होता. दर, मुदत, मर्यादा आणि जामीन या सर्वांचे नियम ठरलेले असल्यामुळे कर्जाच्या व्यवहारातील प्रत्येक अट संख्यांत नेमकी मांडता येत असे, आणि समीकरणाला अशीच सामग्री लागते.

या हिशेबांचे पहिले घर म्हणजे पाटीगणित, म्हणजे पाटीवर धूळ पसरून तीवर आकडे लिहीत आणि पुसत करावयाचे व्यवहारी अंकगणित. त्यातील मिश्रकव्यवहार या प्रकरणात एकमेकांत मिसळलेल्या रकमा वेगळ्या करण्याच्या रीती येतात. गणिती श्रीधराचार्यांचे एक उदाहरण त्या काळच्या कर्जाच्या दस्तऐवजाचे सगळे अंतरंग उघड करते. शंभरावर दरमहा पाच व्याज, एक जामिनाचा मोबदला, अर्धा हिशेब करणाऱ्याची वृत्ती आणि पाव लिहिणाऱ्याची लिखाई, असे ठरलेले असताना वर्षअखेर सर्व मिळून ९०५ झाले, तर प्रत्येकाचे किती, असा तो प्रश्न आहे. शंभरावर महिन्याला पावणेसात, म्हणून वर्षाला ८१ पडतात. शंभराचे १८१ होतात तर ९०५ कशाचे झाले, असे विचारले की मुद्दल ५०० निघते, आणि मग व्याज ३००, जामीन ६०, गणक ३० आणि लेखक १५ असे वाटे पडतात. या प्रश्नात पाच अज्ञात राशी आहेत, पण चार राशी पाचवीच्या ठरलेल्या पटीत असल्यामुळे एका त्रैराशिकाने काम भागते. धनको आणि ऋणको यांच्याइतकाच गणकालाही त्या कागदात वाटा होता, ही गोष्ट समाजेतिहासाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे, कारण गणिताचे ग्रंथ कोणासाठी लिहिले जात होते याचा पुरावा त्या गणितातच सापडतो.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यांच्या मिश्रकव्यवहारात व्याजाची उदाहरणे विपुल आहेत, आणि दोन अज्ञातांच्या खऱ्याखुऱ्या जोडसमीकरणांचा एक सुबक नमुनाही आहे. ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची मिळून किंमत १०७, आणि ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१, तर एकेका फळाची किंमत काय? महावीराचार्यांची रीत अशी की मोठ्या संख्येने मोठ्या किमतीला गुणावे, लहान संख्येने लहान किमतीला गुणावे, दोन्ही गुणाकारांची वजाबाकी करावी आणि तिला फळांच्या संख्यांच्या वर्गांच्या वजाबाकीने भागावे. ९ गुणिले १०७ म्हणजे ९६३, ७ गुणिले १०१ म्हणजे ७०७, त्यांची वजाबाकी २५६. ८१ वजा ४९ म्हणजे ३२. भागाकार ८ हा महाळुंगाचा भाव. हेच गुणाकार उलट करून कवठाचा भाव ५ येतो. एक अज्ञात काढून टाकण्याची क्रिया येथे पूर्णपणे उपस्थित आहे, परंतु ती ९ आणि ७ या संख्यांची अदलाबदल असलेल्या प्रश्नालाच लागू पडते. संख्या अशा उलटसुलट नसतील तर हा नियम निरुपयोगी होतो, आणि पाटीगणिताची शक्ती व मर्यादा दोन्ही या एका उदाहरणात दिसून येतात.

या परंपरेचा परिपाक भास्कराचार्यांच्या ग्रंथांत झाला. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, जन्मलेल्या या गणितीने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' पूर्ण केला. पाटीगणितावरील 'लीलावती' आणि अव्यक्त, म्हणजे अज्ञात राशींच्या, गणितावरील 'बीजगणित' हे त्याचे दोन भाग समजले जातात. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. लीलावतीच्या मिश्रकव्यवहारात भागीदारीचे उदाहरण आहे : तीन व्यापाऱ्यांनी ५१, ६८ आणि ८५ असे भांडवल एकत्र केले आणि व्यापारात त्याचे ३०० झाले, तर प्रत्येकाला किती मिळावेत? भांडवलाची बेरीज २०४. प्रत्येकाच्या भांडवलाला ३००ने गुणून २०४ने भागले की ७५, १०० आणि १२५ हे वाटे मिळतात. या रीतीला प्रक्षेप म्हणत.

याच प्रकरणातील दुसरे उदाहरण मात्र जवळून पाहण्याजोगे आहे. ९४ निष्कांचे तीन भाग करून ते दरमहा शेकडा ५, ३ आणि ४ या दरांनी अनुक्रमे ७, १० आणि ५ महिने व्याजी लावले, आणि तिन्ही भागांवर सारखेच व्याज मिळाले; तर भाग किती? पाटीवर याची मांडणी तीन उभ्या ओळींत करतात. प्रत्येक ओळीत एका बाजूला प्रमाणाचा एक महिना, शंभर मुद्दल आणि त्याचे व्याज, तर दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष लोटलेले महिने येतात. मुद्दलाची जागा रिकामी राहते आणि ९४ हे मिश्रधन वेगळे लिहिले जाते. रीत अशी की प्रमाणधन आणि प्रमाणकाल यांच्या गुणाकाराला लोटलेला काल आणि दर यांच्या गुणाकाराने भागावे. त्यामुळे पहिल्या भागासाठी शंभर भागिले ३५, दुसऱ्यासाठी शंभर भागिले ३० आणि तिसऱ्यासाठी शंभर भागिले २० मिळतात. संक्षेप केला की हे अनुक्रमे २० सप्तमांश, १० तृतीयांश आणि ५ होतात. त्यांची बेरीज २३५ एकविसांश. प्रत्येकाला ९४ने गुणून या बेरजेने भागले की २४, २८ आणि ४२ निष्क असे तीन भाग निघतात. प्रत्येकावरचे व्याज ८ पूर्णांक २ पंचमांश निष्क येते. लीलावतीच्या आरंभी दिलेल्या परिभाषेप्रमाणे १६ द्रम्मांचा निष्क, १६ पणांचा द्रम्म, ४ काकिणींचा पण आणि २० कवड्यांची काकिणी धरली, तर हे व्याज ८ निष्क, ६ द्रम्म, ६ पण, १ काकिणी आणि १२ कवड्या इतके भरते, आणि शेवटच्या कवडीपर्यंत ते बिनतुटीचे आहे. अशा उदाहरणातील आकडे निवडताना ग्रंथकाराने किती काळजी घेतली असेल, याची कल्पना यावरून येते.

आजच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न तीन अज्ञातांचा आणि तीन समीकरणांचा दिसेल : तिन्ही भागांची बेरीज ९४, पहिल्याची ३५ पट दुसऱ्याच्या ३० पटीइतकी, आणि तीच तिसऱ्याच्या २० पटीइतकी. लीलावतीतील नियम म्हणजे या समीकरणांचे आधीच करून ठेवलेले उत्तर होय. २० सप्तमांश ही संख्या खरोखर काय आहे? ज्या मुद्दलावर पाच टक्क्यांनी सात महिन्यांत नेमका एक निष्क व्याज मिळेल ते मुद्दल. तशा तीन मुद्दलांची बेरीज २३५ एकविसांश आणि प्रत्यक्षातील बेरीज ९४. या दोहोंचा भागाकार ४२ पंचमांश येतो, आणि तोच तिन्ही भागांवरील सामाईक व्याजाचा आकडा आहे. म्हणजे प्रश्नात न विचारलेले, परंतु सगळ्या उकलीचा कणा असलेले सामाईक व्याज नियमाच्या पोटात दडलेले आहे. त्याला तेथे नाव नाही. पाठांतर करणाऱ्या गणकाला उत्तर बिनचूक मिळे, पण ते का मिळाले हे त्या श्लोकात लिहिलेले नव्हते.

'बीजगणित' या ग्रंथात भास्कराचार्यांनी या उदाहरणाचे एक जुळे भावंड दिले आहे, आणि दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला त्यामागचा हेतू लक्षात आल्याशिवाय राहत नाही. मुदती त्याच ७, १० आणि ५ महिन्यांच्या आहेत. दर ५, २ आणि ४ आहेत. रक्कम ३९० आहे. मुख्य फरक असा की येथे व्याज सारखे नसून मुद्दल धरून व्याज, म्हणजे सफल धन, तिन्ही भागांत सारखे झाले आहे. लीलावतीतील श्लोक येथे जसाच्या तसा चालत नाही. बीजाची रीत चालते : सारख्या झालेल्या धनाला यावत्तावत् असे नाव द्यावे आणि तेथून मागे जावे. शंभराचे ७ महिन्यांत १३५ होतात, म्हणून पहिले मुद्दल या अज्ञाताचे २० सत्ताविसांश. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात शंभराचे १२० होतात, म्हणून ती मुद्दले प्रत्येकी ५ षष्ठांश. तिन्हींची बेरीज ६५ सत्ताविसांश यावत्तावत् झाली, आणि ती ३९०च्या बरोबर असल्याने यावत्तावत् १६२ निघाले. त्यावरून भाग १२०, १३५ आणि १३५. लीलावतीत सामाईक राशी निनावी राहिली होती, येथे तशा राशीला नाव मिळाले, आणि त्यामुळे व्याजाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा श्लोक पाठ करण्याची गरज उरली नाही. दख्खनच्या गणितेतिहासातील हे एक महत्त्वाचे पाऊल होते. एकच प्रश्न किंचित बदलून दोन ग्रंथांत ठेवण्याने ते जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही विवेचनाने झाले नसते.

अव्यक्त राशींना नावे देण्याची ही पद्धत भास्कराचार्यांच्या आधीची आहे. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त अनेक अव्यक्तांच्या समीकरणांचे नियम दिले होते, आणि अव्यक्तांना वर्ण, म्हणजे रंग, म्हणण्याची प्रथाही जुनी होती. पहिली अव्यक्त राशी यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी, लो आणि ज्ञात संख्येसाठी रू, म्हणजे रूप. ऋण संख्येवर टिंब देत. समीकरणाच्या दोन बाजूंना पक्ष म्हणत, आणि ते एकाखाली एक लिहून सारखे सारख्यातून वजा करण्याच्या क्रियेला समशोधन हे नाव होते. एका पक्षात एकच वर्ण ठेवून बाकीचे दुसऱ्या पक्षात न्यायचे आणि त्या वर्णाची किंमत दुसऱ्या समीकरणात घालायची, ही आजच्या पाठ्यपुस्तकांतील क्रिया अनेकवर्णसमीकरण या प्रकरणात पूर्णपणे विकसित झालेली आढळते.

वर्ण कमीत कमी किती घ्यावेत, यातही कौशल्य होते. एक मित्र दुसऱ्याला म्हणतो की तू मला १०० दिलेस तर मी तुझ्या दुप्पट धनवान होईन, आणि दुसरा म्हणतो की तू मला १० दिलेस तर मी तुझ्या सहापट होईन. दोन अज्ञात आणि दोन अटी अशी मांडणी येथे सहज सुचते. भास्कराचार्यांनी मात्र एकच वर्ण घेऊन पहिल्याचे धन दोन यावत्तावत् उणे १०० आणि दुसऱ्याचे एक यावत्तावत् अधिक १०० असे धरले. शंभराची देवघेव झाली की दुप्पट आपोआपच होते, म्हणजे पहिली अट मांडणीतच पुरी झाली. दुसऱ्या अटीवरून यावत्तावत् ७० आणि धने ४० व १७० निघतात. अशा युक्तीला सूत्र नसते. ती बुद्धीची कामगिरी आहे, आणि बुद्धी हेच खरे बीज असल्याचे भास्कराचार्यांचे मत होते.

अटींपेक्षा अज्ञात राशी अधिक झाल्या, तर प्रश्नाला एकच उत्तर राहत नाही. चार व्यापाऱ्यांचे उदाहरण या जातीचे आहे. त्यांच्याकडे अनुक्रमे ५, ३, ६ आणि ८ घोडे; २, ७, ४ आणि १ उंट; ८, २, १ आणि ३ खेचरे; ७, १, २ आणि १ बैल आहेत, आणि चौघांचे धन सारखे आहे. किमती चार, समीकरणे तीन. वर्ण एकेक करून काढत गेल्यावर शेवटी दोन राशींचे एकच नाते उरते, आणि पूर्णांक उत्तर मिळवण्यासाठी कुट्टक नावाची, भागाकार पुन्हा पुन्हा करत जाण्याची, रीत वापरावी लागते. लहानात लहान उत्तर घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४ असे येते आणि प्रत्येकाचे धन ८५३ भरते. याच किमतींच्या दुप्पट, तिप्पट किमतीही तितक्याच बरोबर असतात. गुंतवणुकीच्या भाषेत सांगायचे, तर केवळ 'सगळ्यांची मत्ता सारखी' एवढ्या माहितीवरून मालाचे परस्पर प्रमाण ठरते, प्रत्यक्ष भाव ठरत नाही. भास्कराचार्यांना हा भेद पूर्णपणे अवगत होता.

हे गणित पुढे टिकले ते मठ आणि टीकाकार यांच्यामुळे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यानुसार यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७च्या सुमारास, त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कराचा अंश मठाला दिल्याचा उल्लेख त्यात आहे. व्यापाऱ्यांच्या नफा-वाटणीचे गणित शिकवणारा मठ बाजारातल्याच करावर चालत होता, आणि ती नोंद लोकभाषेत कोरली गेली, ही महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे.

सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूर येथील सूर्यदासांनी बीजगणितावर आणि लीलावतीवर टीका लिहिल्या. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांची 'बुद्धिविलासिनी' ही लीलावतीवरील टीका १५४५ची आहे. मूळ श्लोकात न दिलेली उपपत्ती, म्हणजे नियम का खरा आहे याची सिद्धता, देणे हे अशा टीकांचे मुख्य कार्य होते. मूळचे विदर्भातील आणि पुढे काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी बीजगणितावरील आपल्या टीकेत हेच काम अतिशय विस्ताराने केले. १५८७ मध्ये फैजीने लीलावतीचे फार्सी भाषांतर केले, १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लंडनमध्ये लीलावती व बीजगणित दोन्ही प्रसिद्ध केले.

याच सुमारास मुंबई इलाख्यातील नव्या शाळांसाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने, शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने, इंग्रजी पुस्तकांवरून मराठी गणिताची पुस्तके तयार झाली. त्यांच्याबरोबर नवी चिन्हे आली आणि या, का, नी हे वर्ण हळूहळू शाळांतून गेले. मिश्रकव्यवहारातील प्रत्येक जातीचा स्वतंत्र नियमही मागे पडला, आणि बीजातील सामान्य रीत तेवढी नव्या चिन्हांत शिल्लक राहिली. प्रा. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' १९७१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जुन्या नियमांची उकल आजच्या चिन्हांत मराठी वाचकासमोर आली. महाराष्ट्रातील दहावीचा विद्यार्थी आज दोन चलांतील रेषीय समीकरणे निश्चयकांच्या साहाय्याने, क्रेमरच्या पद्धतीने सोडवतो. महाळुंगे आणि कवठे यांचा प्रश्न त्या पद्धतीने मांडला, तर छेदातील निश्चयक ९चा वर्ग वजा ७चा वर्ग, म्हणजे ३२ येतो, आणि महावीराचार्यांनी भागायला सांगितलेली संख्या हीच आहे.